५ लाख कोटींची ठेव असलेल्या विद्यापीठाला तोटा होतोच कसा?

गोदाकाठ
मंडळी, भाची (सख्ख्या बहिणीची, गंगापूर रोडलाच वाढलेली) यंदा हार्वर्डला पीएचडीसाठी अर्ज करतेय. घरात सगळे रँकिंग बघतायत, मी मात्र सवयीने त्यांचा वार्षिक ताळेबंद उघडला. पतसंस्थेत २२ वर्षं काढलीत, दुसरं काही समजत नसलं तरी जमा-नावे समजतं असा समज होता, तो काल रात्री मोडला.

३० जून २०२५ ला संपलेलं वर्ष. उत्पन्न ६.७ अब्ज डॉलर, खर्च ६.८ अब्ज, तूट ११.३ कोटी डॉलर. म्हणजे १०० कमावले आणि पावणेदोन उसने घेऊन खर्च केले, ठीक आहे, होतं कुणाचंही. पण दोन पानं पुढं गेलो तर एन्डावमेंट (देणग्यांची कायम ठेव) ५६.९ अब्ज डॉलर! डॉलर ८८ चा धरला तर ५ लाख कोटी रुपये. त्यावर त्या वर्षी परतावा ११.९ टक्के. म्हणजे गुंतवणुकीवर अब्जावधी कमावले आणि तरी वर्षाचा ताळमेळ बसला नाही? घरात एवढी रास लागलेली असताना माणूस किराणा उधारीवर का आणतो, हे कुणी सांगेल का. थट्टा नाही, खरंच कळत नाहीये.

मिसळ_तर्री
जागा राखीव. शेव, कांदा, लिंबू घेऊन बसलोय.

नाशिकरोडचा_भाऊ
एवढीच अडचण असेल तर इकडं या म्हणावं, आमच्याकडं १९२८ पासून नोटा छापतात 😄

सीए_कॉलेजरोड
गोदाकाठ, प्रश्न चांगलाय आणि पतसंस्थेतल्या माणसालाच पडायला हवा असा आहे.

पहिली गोष्ट, 'एन्डावमेंट' हे एक खातं नाही. १४ हजारांवर वेगवेगळे निधी आहेत, प्रत्येकाचा दाता वेगळा, प्रत्येकाची अट वेगळी. कुणी म्हणालं हे पैसे फक्त अमुक विषयाच्या प्राध्यापकाच्या पगाराला, कुणी म्हणालं फक्त कॅन्सरवरच्या संशोधनाला, कुणी शिष्यवृत्तीला. ८० टक्क्यांच्या आसपास रक्कम अशी अटींनी बांधलेली आहे. वीजबिल थकलं म्हणून त्यातून भरता येत नाही, तो विश्वासघात होतो आणि कोर्टात टिकत नाही.

दुसरी गोष्ट, मुद्दल खायचं नाही. दरवर्षी साधारण ५ ते साडेपाच टक्के काढायचे, बाकी महागाईला तोंड द्यायला तसंच वाढू द्यायचं. त्यामुळे परतावा ११.९ आला तरी तो सगळा उत्पन्नात येत नाही, तिथं फक्त ठरलेला वाटा येतो. तुम्ही दोन वेगळी पानं एकत्र वाचताय. एक वर्षाच्या जमाखर्चाचं, दुसरं मालमत्तेचं.

आणि तो 'फक्त ठरलेला वाटा'सुद्धा छोटा नाही. २०२४ च्या अहवालात २.४ अब्ज डॉलर, म्हणजे एकूण उत्पन्नाच्या ३७ टक्के. विद्यार्थ्यांकडून येणारे २१ टक्के. आपल्याकडं लोकांना वाटतं खासगी विद्यापीठ म्हणजे फीवर चालणारं दुकान, तिथं फी हा मुख्य धंदाच नाहीये.

निफाडकर_बागाईतदार
सीए साहेब, सोप्या भाषेत सांगतो, चुकलं तर सांगा. माझी ६ एकर द्राक्षाची बाग आहे, भाव धरला तर कोटीच्या पुढं जाते. पण ऑक्टोबर छाटणी झाली की मजुरी, औषधं, डिपिंग (घड औषधात बुडवणं), सगळं उधारीवर. कृषी सेवा केंद्रवाला बागेची किंमत विचारत नाही, माल कधी निघणार ते विचारतो. बाग विकून औषधाचं बिल भरणारा शेतकरी मी अजून बघितला नाही.

सीए_कॉलेजरोड
@निफाडकर, अगदी. आणि त्यातली ५ एकर आजोबांनी 'फक्त थॉमसन (द्राक्षाची जात) लावायची' असं मृत्युपत्रात लिहून ठेवलेली समजा.

निफाडकर_बागाईतदार
मग आजोबांवर केस 😂

पंचवटीची_मावशी
मला ते अटींचं लगेच कळलं कारण आमच्याच घरात आहे. सासऱ्यांनी १९८७ मध्ये त्यांच्या आईच्या नावानं शाळेत ५००० रुपयांची कायम ठेव ठेवली. अट अशी की व्याजातून दहावीला संस्कृतात पहिल्या येणाऱ्या मुलीला पारितोषिक द्यायचं. तेव्हा वर्षाला पाचशेच्या पुढं व्याज यायचं, मुलीला साडी नाहीतर शब्दकोश मिळायचा. आता मुलं जास्त मार्कांसाठी संस्कृत घेतात, पण गेल्या वर्षी पहिला आला मुलगा! मुख्याध्यापिकांचा फोन, काय करायचं? मुलींत पहिली आलेली तिसरी होती. शेवटी तिला दिलं. तर हे पाच हजारांचं. १४ हजार असे निधी सांभाळायचे म्हणजे त्या हार्वर्डच्या क्लार्कची काय अवस्था होत असेल.

गोदाकाठ
मावशी, तुमच्या प्रतिसादाने मला सीए साहेबांचा प्रतिसाद कळला.

सडेतोड_सिडको
सगळे मिळून श्रीमंताची बाजू घेताय. अट अट काय करताय, २० टक्के तर मोकळे आहेत ना? ५६.९ चे २० टक्के म्हणजे ११ अब्ज. त्यातून ११ कोटीची तूट भरायची तर एक टक्का लागतो. आपल्या केंद्र सरकारचं शिक्षणाचं बजेट २०२५-२६ ला १ लाख २८ हजार कोटी आहे, एका विद्यापीठाकडं त्याच्या चौपट पडलंय आणि रडगाणं गातायत. लोकांना कापायचं असलं की तूट दाखवायची, हा धंदा कंपन्यांतही चालतो, आम्ही सातपूरला बघितलाय.

सीए_कॉलेजरोड
साठा आणि वर्षाचा खर्च यांची तुलना चालत नाही हो. धरणात किती पाणी आहे आणि रोज नळाला किती येतं या दोन गोष्टी आहेत. चौपट म्हणताय ती धरणातली.

सडेतोड_सिडको
धरण भरलेलं असून नळ कोरडा ठेवायचा हेच तर म्हणतोय!! सिडकोवाल्याला हे उदाहरण देऊ नका.

मिसळ_तर्री
सीए साहेब इथं हरले. एक नंबर.

चार्ल्सकाठचा_नाशिककर
बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं. मी बोस्टनमध्ये ११ वर्षं आहे, एका लॅबमध्ये (हार्वर्ड नाही, पण नदी तीच), म्हणून थोडं सांगतो.

या वेळची तूट गुंतवणुकीमुळे आलेली नाही, ती संशोधनाच्या पैशामुळे आलीय. २०२४ मध्ये सरकारी संशोधन अनुदान ६८.६ कोटी डॉलर होतं, उत्पन्नाच्या ११ टक्क्यांच्या जवळ. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने २.२ अब्जांहून जास्त रकमेची अनुदानं गोठवली, कारण विद्यापीठानं त्यांच्या मागण्या मान्य केल्या नाहीत. ही अनेक वर्षांची मिळून रक्कम होती, पण लॅबमध्ये पगार दर महिन्याला द्यावा लागतो. उंदीर आहेत, पेशी आहेत, त्यांना कसं सांगणार कोर्टात तारीख आहे म्हणून. सप्टेंबरमध्ये कोर्टाने ते गोठवणं बेकायदा ठरवलं, पण तोपर्यंत आर्थिक वर्ष संपलं होतं.

आणि एक शब्द आहे ओव्हरहेड. लॅबला थेट खर्चासाठी १०० डॉलर मिळाले तर विद्यापीठाला इमारत, वीज, सुरक्षा, हिशेब यासाठी वर आणखी मिळतात. हार्वर्डचा ठरलेला दर ६९ टक्के होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये एनआयएचने (वैद्यकीय संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था) सगळ्यांना १५ टक्के करतो म्हणून जाहीर केलं, कोर्टाने अडवलं. बाहेरून ६९ म्हणजे लूट वाटते, मलाही आधी वाटायची. पण उणे ८० चे फ्रीझर २४ तास चालवायचे, जनरेटर ठेवायचे, किरणोत्सारी कचरा उचलायचा, हे प्राध्यापक स्वतःच्या अनुदानातून करत नाही.

सडेतोड, तुमचा मुद्दा पूर्ण चूक नाही. मोकळ्या निधीतून त्यांनी काढलंच असेल. पण त्यांनी एप्रिलमध्ये ७५ कोटी डॉलरचे रोखे काढून कर्ज उचललं, भरती थांबवली, अध्यक्ष ॲलन गार्बर यांनी स्वतःचा पगार पुढच्या वर्षासाठी २५ टक्क्यांनी कमी केला. तुमच्या सातपूरच्या मालकाने केला होता का?

सडेतोड_सिडको
मालकाने नवीन गाडी घेतली होती. हे मान्य.

इतिहासवेडा_गुलशनाबाद
अवांतर. हार्वर्ड स्थापना १६३६. त्याच वर्षी निजामशाही बुडाली आणि शहाजीराजांना विजापूरकडे जावं लागलं. इकडं राज्यं पडत होती तिकडं कॉलेज निघत होतं. ३८९ वर्षं चक्रवाढ लागली तर माझ्या पीपीएफचं पण असं होईल.

अंबडचा_फिटर
आजोबांनी १६३६ ला पाच एकर घ्यायला पाहिजे होते भो

कोकणचा_जावई
कुणीच बोललं नाही म्हणून सांगतो, ही ठेव सांभाळणाऱ्या कंपनीचे सीईओ कोण? एन. पी. नार्वेकर! २०१६ च्या डिसेंबरपासून. आडनाव वाचून छाती फुगली. आणि विद्यापीठाच्या सीएफओ रितू कालरा. म्हणजे तिजोरीच्या दोन्ही चाव्या आपल्या आडनावांकडं.

निफाडकर_बागाईतदार
नार्वेकरांच्या आधीची गंमत माहितीय का? या लोकांनी कॅलिफोर्नियात द्राक्षाच्या जमिनी घेतल्या होत्या. कुयामा नावाचं कोरडं खोरं आहे, तिथं ८५० एकरांची वाईनची बाग लावली, आणि भूजलावरून आजूबाजूच्या शेतकऱ्यांशी वाजलं. मला हे आमच्या एका निर्यातदाराने सांगितलं तेव्हा खोटं वाटलं, मग शोधलं तर खरं निघालं. ५ लाख कोटीवाला माणूसही शेवटी बोअर मारत बसला. आम्ही इथं सातशे फूट जाऊन आलोय, आम्हाला विचारायचं होतं.

सीए_कॉलेजरोड
हो, नार्वेकरांनी आल्यावर त्या शेती-जंगलातल्या बऱ्याच गुंतवणुकी काढून टाकल्या आणि स्टाफ जवळजवळ निम्मा केला. आता मोठा भाग खासगी कंपन्यांतल्या भागभांडवलात, २०२४ ला ३९ टक्के होता, आणि हेज फंडांत (बड्या गुंतवणूकदारांचे खासगी फंड) साधारण एक तृतीयांश. हे पैसे सकाळी विकून संध्याकाळी हातात येत नाहीत. म्हणून पण कर्ज काढावं लागतं. गोदाकाठच्या 'उधारीवर किराणा'चं खरं उत्तर इथं आहे. एफडी मोडायला गेलात तर दंड भरावा लागतो, त्यापेक्षा एफडीवर कर्ज परवडतं. तुमच्या पतसंस्थेत लोक हेच करतात ना?

गोदाकाठ
रोज करतात. लग्नसराईत तर रांग लागते. बरोबर पकडलंत.

जुनाजाणता
या सगळ्याला एक इतिहास आहे. २००८-०९ मध्ये गुंतवणुकीवर २७.३ टक्के तोटा झाला होता, आणि वर्षाचा खर्चाचा वाटा काढल्यावर ठेव ३६.९ वरून २६ अब्जांवर आली. आणि तेव्हा चूक त्यांचीच होती. रोजच्या खर्चाची रोकडसुद्धा त्यांनी ठेवीबरोबर बाजारात लावली होती. वर व्याजदराचे स्वॅप (पुढचा व्याजदर आधीच बांधून घेण्याचे करार) घेतलेले, त्यातून बाहेर पडायला जवळपास ५० कोटी डॉलर मोजले. नदीपलीकडच्या ऑल्स्टनमधली विज्ञान संकुलाची इमारत पाया घालून थांबवली. आणि होस्टेलच्या मुलांचा गरम नाश्ता बंद केला! जगातलं सगळ्यात श्रीमंत विद्यापीठ आणि मुलं सकाळी थंड सीरियल खातायत.

त्यामुळे मी सडेतोडच्या बाजूने थोडा आहे. शहाणपण पैशाबरोबर येतं असं नाही. पण २०२५ ची तूट त्या जातीची नाही.

मिसळ_तर्री
गरम नाश्ता बंद?? या एका कारणासाठी भाचीला पाठवू नका. इथं सकाळी सात वाजता गरम मिसळ मिळते, पाव एक्स्ट्रा.

पालक_त्रस्त
मला एक सांगा, हे सगळं वाचायला मिळतं कसं? मुलगा इथल्याच एका खासगी संस्थेत आहे (नाव नको). तीन वर्षांत फीबरोबर 'विकास निधी', 'इतर शुल्क', मग परीक्षेचं वेगळं. मी एकदा ऑफिसात विचारलं विकास निधी कुठं गेला, तर समोरच्याने फॅनकडं बोट दाखवलं. फॅन बंद होता.

सीए_कॉलेजरोड
😂 फॅन बंद म्हणजे वीज बचत, तो पण विकासच.

गंभीरपणे. आपल्याकडंही शिक्षणसंस्था नफ्यासाठी नाहीत असंच कायदा म्हणतो. सुप्रीम कोर्टाने २००२ च्या टी.एम.ए. पै निकालात सांगितलं की वाढीसाठी वाजवी शिल्लक चालेल, नफेखोरी नाही. आयकरात सूट हवी तर विश्वस्त संस्थेने उत्पन्नाचे ८५ टक्के त्याच कामावर खर्च करायचे. १५ टक्के मागं टाकता येतात. कायम निधीसाठी म्हणून आलेली देणगी वेगळी धरतात, पण ती गुंतवायची कुठं याची यादी कायद्यातच आहे, थेट शेअरमध्ये टाकता येत नाही. त्यामुळे आपला कायम निधी बँकेतल्या एफडीत झोपतो. हार्वर्डसारखी वाढ इथं होत नाही त्यातलं हे एक कारण.

आणि वाचायचं असेल तर तुमच्या संस्थेच्या वेबसाईटवर एनआयआरएफ (केंद्र सरकारचं कॉलेज-रँकिंग) म्हणून कोपरा शोधा. रँकिंगला भरलेली माहिती तिथं ठेवावी लागते, त्यात तीन वर्षांचा भांडवली आणि चालू खर्च असतो. ग्रंथालयावर किती, लॅबवर किती. लॅबचा आकडा आणि प्रत्यक्ष लॅब, दोन्ही बघून या.

पालक_त्रस्त
बघितलं. संस्थेचा आकडा वाचून मुलाला विचारलं तुमच्या लॅबमध्ये एवढं काय घेतलं. तो म्हणाला 'बाबा कोणती लॅब'.

स्वदेशी_सातपूर
माझा राग वेगळा आहे. २०१० मध्ये टाटांनी हार्वर्ड बिझनेस स्कूलला ५ कोटी डॉलर दिले, टाटा हॉल उभा राहिला. त्याच वर्षी आनंद महिंद्रांनी तिथल्या मानव्यविद्येच्या केंद्राला १ कोटी डॉलर. महिंद्रांची गाडी बनते आमच्या नाशकात आणि मानव्यविद्या फुलते तिकडं? ज्याच्याकडं ५७ अब्ज आहेत त्यालाच अजून का ओतायचे.

चार्ल्सकाठचा_नाशिककर
टाटांना तरी हे म्हणू नका, बंगळूरची आयआयएससी १९०९ मध्ये त्यांच्याच देणगीतून उभी राहिली. आता तिलाच २०२२ मध्ये दोन दांपत्यांनी मिळून ४२५ कोटी दिले वैद्यकीय शिक्षणासाठी. २०२३ मध्ये नंदन निलेकणींनी आयआयटी मुंबईला ३१५ कोटी दिले. माणूस जिथं शिकला तिथं देतो. महिंद्रा तिथं शिकलेले आहेत.

पंचवटीची_मावशी
आणि आपल्याकडं नव्हतंच असंही नाही. 'बीवायके' 'बीवायके' म्हणून आपण कॉलेजचा बसस्टॉप सांगतो, ते भिकुसा यमासा क्षत्रिय, सिन्नरच्या बिडीवाल्यांचं नाव. एचपीटी कॉलेज म्हणजे हंसराज प्रागजी ठाकरसी. दात्याचं नाव अक्षरांत गेलं आणि लोक विसरले. हार्वर्ड पण देणगीदाराचंच नाव ना?

इतिहासवेडा_गुलशनाबाद
हो मावशी, जॉन हार्वर्ड. निम्मी मालमत्ता आणि ४०० च्या आसपास पुस्तकं ठेवून गेला. १६३८.

स्वदेशी_सातपूर
शिकला तिथं देतो म्हणता, मग मी आयटीआयला दिले पाहिजेत. ठीक आहे, पगारवाढ झाली की बघतो.

गोदाकाठ
धागा छान चाललाय पण मूळ प्रश्न राहिलाच, भाचीचं काय? तूट आहे म्हणजे पीएचडीवाल्यांचं विद्यावेतन थांबेल का? बहीण रोज फोन करतेय, तिला 'साठा आणि प्रवाह' सांगून चालत नाही.

चार्ल्सकाठचा_नाशिककर
तिथं पीएचडीला फी भरावी लागत नाही, वर विद्यावेतन मिळतं, आणि प्रवेश मिळालेल्याचं ते अचानक बंद करायचं टाळतात. फटका दुसरीकडं बसतो, जागा कमी होतात. २०२५ च्या शरदात कला-विज्ञान विभागाने पुढच्या प्रवेशाच्या पीएचडी जागा चांगल्याच छाटल्या, विज्ञानात जास्त. म्हणजे 'आत गेल्यावर काय' यापेक्षा 'आत जाणं' अवघड झालंय.

शिवाय व्हिसाचं वेगळं. मे २०२५ मध्ये परदेशी विद्यार्थी घेण्याचा त्यांचा परवानाच सरकारने काढला होता, दुसऱ्या दिवशी कोर्टाने थांबवलं. २७ टक्के मुलं बाहेरची आहेत तिथं. एक रात्र आमच्या इमारतीतली पोरं झोपली नाहीत.

आणि अजून एक, तूट यंदाच संपणारी नाही. ठेवीच्या कमाईवरचा कर २०१७ च्या कायद्याने १.४ टक्के होता, २०२५ च्या नव्या कायद्याने सगळ्यात वरच्या पायरीला ८ टक्के केला. त्यांचा स्वतःचा अंदाज वर्षाला ३० कोटी डॉलरचा आहे. यंदाच्या तुटीच्या अडीचपट. तिला सांगा, अर्ज तिथं करच, पण अजून आठ ठिकाणी कर. आणि ज्या प्राध्यापकाकडं जायचंय त्याचं अनुदान कुठल्या साली संपतं ते आधी विचार, ताळेबंदापेक्षा ते महत्त्वाचं.

सडेतोड_सिडको
हा प्रतिसाद आवडला. कर लावला ते बरंच केलं असं मी म्हणणार होतो, पण तो कर भाचीच्या जागेतून वसूल होणार असेल तर विचार करावा लागेल.

गोदाकाठ
बहिणीला वाचून दाखवलं. भाचीने त्याच रात्री दोन प्राध्यापकांना मेल टाकली, एकाचं उत्तर आलं की अनुदान २०२७ पर्यंत आहे, दुसऱ्याचं आलेलं नाही. दुसऱ्याचं नाव तिने खाली सरकवलं. सगळ्यांचे आभार.

नाशिकरोडचा_भाऊ
२०२७ म्हणजे सिंहस्थ. तिला म्हणावं अनुदान संपलं तर स्नानाला ये.

पंचवटीची_मावशी
जाता जाता. तुमचं सगळं वाचून मी परवा शाळेत जाऊन सासूबाईंच्या सासूबाईंच्या ठेवीचा हिशेब मागितला. बाईंनी प्रेमाने वही काढली. यंदाचं व्याज ३२५ रुपये. प्रमाणपत्राची फ्रेम ४०० ची. म्हटलं मुद्दलातून घ्या, तर म्हणाल्या नाही हो, मुद्दलाला हात लावायचा नाही असं तुमच्या सासऱ्यांनीच लिहून दिलंय. ७५ रुपये मी रोख देऊन आले.

सीए_कॉलेजरोड
मावशी, पावती घेतलीत ना? 😄